विषय: निर्वासितांना पेन्शनरपेक्षा जास्त? (आणि दिवाळीच्या शिल्लक रकमेचं काय)

प्रेषक: दिलीप

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या कार्यक्रमातून उरलेले पैसे निर्वासितांच्या मदतीला द्यायचं कार्यकारिणीने घाटलंय, असं मिनिट्समध्ये वाचलं. माझी हरकत नोंदवून घ्यावी. खाली एक फॉरवर्ड चिकटवतोय. त्यानुसार कॅनडा सरकार एका निर्वासिताला महिन्याला जे देतं, ते आयुष्यभर टॅक्स भरलेल्या म्हाताऱ्याच्या पेन्शनच्या दुपटीहून जास्त आहे. ज्यांचं सगळं सरकार बघतंय, त्यांना मंडळाने वर आणखी कशाला द्यायचं? आम्ही इमिग्रेशनच्या पॉइंट्सवर आलो, बेसमेंटमध्ये राहिलो, कुणी एक डॉलर दिला नाही. तक्रार नाही, पण हिशेब हिशेबासारखा असावा.

दिलीप

प्रेषक: निखिल

काका, हा फॉरवर्ड वीसेक वर्षं फिरतोय. इमिग्रेशन खात्याने कंटाळून त्याचं उत्तर आपल्या संकेतस्थळावरच टाकून ठेवलंय. प्रत्येक निवडणुकीच्या आधी तो पुन्हा उगवतो, फक्त आकडे बदलून.

प्रेषक: शुभांगी

दिलीपकाका, नमस्कार.

मी निर्वासितांना मदत करणाऱ्या संस्थेत नोकरी करते, म्हणून राहवत नाही. हे संस्थेच्या वतीने नाही, माझं स्वतःचं लिहिणं आहे. मेल लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

'निर्वासित' म्हणताना आपण दोन वेगळ्या रांगा एकत्र करतो. पहिली रांग परदेशातच निवडल्या गेलेल्यांची. छावणीत नाहीतर शेजारच्या देशात वर्षानुवर्षं अडकलेली माणसं. नावं बहुतेकदा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडून येतात, मुलाखत, तब्येत आणि सुरक्षेची तपासणी कॅनडा तिकडे परदेशातच करतो, आणि ही मंडळी टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरतात ती पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी होऊनच. हातात आयओएमची (आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेची) पांढरी प्लास्टिकची पिशवी असते, त्यात सगळी कागदपत्रं. गर्दीत त्या पिशवीवरूनच आम्ही त्यांना ओळखतो. ऑफिसात यांना आम्ही 'गार' म्हणतो, गव्हर्नमेंट असिस्टेड.

यांच्यासाठी रॅप, म्हणजे रीसेटलमेंट असिस्टन्स प्रोग्रॅम आहे. पहिले चार-सहा आठवडे विमानतळावर घ्यायला जाणं, तात्पुरती राहायची सोय, भाड्याचं घर शोधणं, बँक, हेल्थ कार्ड, मुलांची शाळा. सामानसुमानासाठी एकदाच मिळणारी रक्कम. मग दरमहा पैसे, तेही जास्तीत जास्त एक वर्ष किंवा स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. ही दरमहाची रक्कम त्या त्या प्रांताच्या सोशल असिस्टन्सच्या पातळीवर बेतलेली असते. ऑन्टारियोत एकट्या माणसाला ऑन्टारियो वर्क्सचे, म्हणजे गरजूंसाठीच्या प्रांताच्या या मदतीचे, महिना ७३३ डॉलर मिळतात. त्यात घरभाड्याचा वाटा जास्तीत जास्त ३९०. हा आकडा २०१८ पासून हललेला नाही. ३९० डॉलरमध्ये खोली मिळते का, हे आपल्या लिस्टवर रूममेट शोधणाऱ्या मुलांना विचारा. फॉरवर्डचा घोळ असा की सुरुवातीला एकदाच मिळणारे पैसे त्यात महिन्याच्या रकमेत मिळवलेत. काका, तुम्ही आयुष्यभर अकाउंट्स पाहिलेत, तुमच्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर?

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. विमानाचं तिकीटही साधारणपणे फुकट नसतं, ते कर्ज असतं. सगळं कुटुंब आलं तर हजारो डॉलर होतात, आणि साधारण वर्षभराने, म्हणजे नेमका रॅप संपताना, त्याचे हप्ते सुरू होतात. २०१८ पर्यंत त्यावर व्याजही लागायचं. नोव्हेंबर २०१५ नंतर सरकारने आणलेल्या सीरियन लोकांना ते कर्ज माफ होतं, बाकीच्यांना नव्हतं. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर कर्ज माफ, खालच्या मजल्यावर हप्ते, असं मी पाहिलंय.

आता दुसरी रांग. इथे पोचल्यावर, विमानतळावर, सीमेवर नाहीतर आतल्या ऑफिसात जे आश्रय मागतात ते क्लेमंट. त्यांना रॅप नाही. विमानतळावर घ्यायला कुणी येत नाही. त्यांची सुनावणी आयआरबी, म्हणजे इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्ड, या स्वतंत्र न्यायमंडळापुढे होते. त्या सुनावणीचा हक्क कुणामुळे मिळाला? सुप्रीम कोर्टाचा १९८५ चा निकाल 'सिंग' नावाने ओळखला जातो. अर्जदारांत आपल्याकडचे शीख होते. कॅनडाच्या भूमीवर उभ्या असलेल्या माणसाचं म्हणणं समोर बसवून ऐकल्याशिवाय त्याला परत पाठवता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. त्यानंतर १९८९ मध्ये आयआरबी उभं राहिलं. आज तिथे अडीच लाखांवर अर्ज तुंबलेत.

तोवर काय मिळतं? फेडरल सरकारचं तात्पुरतं आरोग्य कवच. मेडिकल झाल्यावर वर्क परमिट. मुलांना शाळा. ऑन्टारियोत पात्र ठरले तर तेच ७३३. फेडरल पैशावर चालणारे इंग्रजीचे लिंक वर्ग मात्र नाहीत, आणि दावा मंजूर होईपर्यंत चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ताही नाही. सिन नंबर (नोकरी-टॅक्ससाठी लागणारा सरकारी क्रमांक) ९ ने सुरू होतो, म्हणजे माणूस तात्पुरता आहे हे कळतं. तो आकडा दिसला की काही घरमालक सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात. कायद्यात बसत नाही, पण मागतात. २०२३ च्या उन्हाळ्यात टोरांटोत पीटर स्ट्रीटवर शेल्टरच्या ऑफिसबाहेर फुटपाथवर माणसं झोपली होती, ती याच रांगेतली. शहर म्हणत होतं जबाबदारी फेडरलची, फेडरल म्हणत होतं शेल्टर शहराचं काम. मधल्या काळात चर्चनी दारं उघडली. जुलैमध्ये फेडरलने २१.२ कोटी डॉलर आणखी दिले, त्यातले ९.७ कोटी टोरांटोला.

म्हणून 'सगळं सरकार बघतंय' हे पहिल्या रांगेला वर्षभर बऱ्यापैकी लागू आहे, दुसरीला जवळजवळ नाहीच. मदत द्यायचीच तर कुठे द्यायची, ते यावरून ठरवा.

आणि 'कुणी एक डॉलर दिला नाही' याबद्दल, रागावू नका. आपल्यातले कितीतरी जण आल्या आल्या रेझ्युमे वर्कशॉपला, मेंटरिंगला, फुकट भाषा-मूल्यमापनाला जातात. त्याचे पैसे बहुतेक वेळा त्याच इमिग्रेशन खात्याकडून येतात. पीआर म्हणून आपण त्या रांगेत बिनधास्त उभे राहतो.

शुभांगी

प्रेषक: दिलीप

शुभांगी, लिहिलंस ते वाचलं. तिकिटाचं कर्ज माहीत नव्हतं. पण दुसऱ्या रांगेबद्दल माझं मत तेच. आपल्याकडचीच मुलं स्टुडंट व्हिसावर येतात, परमिट संपलं की असायलम टाकतात. त्यांना मंडळाने बक्षीस द्यायचं का?

प्रेषक: शुभांगी

काका, अशी मुलं आहेत, नाही कशाला म्हणू. खरा दावा कुठला आणि खोटा कुठला ते आयआरबीने ठरवायचं, आणि ते लवकर ठरत नाही याचा जास्त फटका खऱ्याला बसतो. खोट्याला उशीर सोयीचाच असतो. पण मंडळाने दारात उभं राहून फायली तपासाव्यात असं मला वाटत नाही. ते आपलं काम नाही, तेवढी माहितीही आपल्याकडे नसते.

प्रेषक: निखिल

त्यापेक्षा मंडळ मिळून एक कुटुंब स्पॉन्सर करू या का, म्हणजे त्यांचा खर्च आणि जबाबदारी आपणच घेऊन त्यांना आणायचं? १९७९-८० मध्ये ६०,००० व्हिएतनामी, कंबोडियन, लाओशियन लोक आले, त्यातल्या निम्म्याहून अधिकांना लोकांनीच आणलं ना?

प्रेषक: शुभांगी

निखिल, कल्पना छान, पण पाच जणांचा गट आणि कम्युनिटी स्पॉन्सर (स्थानिक संस्था), दोन्हींचे नवे अर्ज नोव्हेंबर २०२४ पासून सरकारने थांबवलेत. सरकारशी करार केलेल्या संस्थेमार्फत जाता येतं, पण मग वर्षभराची जबाबदारी लेखी अंगावर असते. आपल्याकडे हॉल बुक करायला तीन जण पुढे येत नाहीत.

प्रेषक: वसुधा

मी इथे आले तेव्हा आमच्या शेजारी युगांडाहून हाकललेलं एक गुजराती कुटुंब होतं. १९७२ मध्ये इदी अमीनने नव्वद दिवसांची मुदत दिली, तेव्हा सातेक हजार माणसं कॅनडाने घेतली. मॉन्ट्रियलच्या लष्करी तळावर त्यांना उतरवून थंडीचे कपडे दिले होते. बेन तो कोट बरीच वर्षं वापरत होत्या. पण त्या सांगायच्या ते वेगळंच. पहिल्या हिवाळ्यात दार वाजवायला कुणी येत नसे, त्याचा जास्त त्रास झाला. शुभांगी, पैशाशिवाय काय लागतं ते सांग ना.

प्रेषक: शुभांगी

वसुधाताई, बरं झालं विचारलंत. जुने कपडे नकोत, खोल्या भरल्यात. लागतात ती माणसं. आमच्याकडे येणाऱ्या अफगाण बायका-मुलांपैकी बऱ्याच जणांना हिंदी किंवा उर्दू समजतं, काही सिनेमातून, काही पाकिस्तानात काढलेल्या वर्षांमुळे. डॉक्टरकडे अधिकृत दुभाषी असतो, पण बस कशी पकडायची, शाळेच्या पत्रात काय लिहिलंय, लाँड्रीचं मशीन कसं चालतं, याला नसतो. आपल्यातल्या निवृत्त मंडळींची हिंदी त्याला पुरेशी आहे. पैसे द्यायचेच असतील तर क्लेमंटना वकिलाकडे आणि सुनावणीला जायला प्रेस्टो कार्ड (बस-ट्रेनचं प्रवास कार्ड) भरून द्या. फेऱ्या फार होतात.

दुसरं, टॅक्स. रिटर्न भरलं नाही तर पहिल्या रांगेतल्यांचं चाइल्ड बेनिफिट अडकतं आणि कुणाचंच जीएसटी क्रेडिट (कमी उत्पन्न असणाऱ्यांना सरकार देतं ती रक्कम) येत नाही. सीआरएचा, म्हणजे कॅनडाच्या टॅक्स खात्याचा, रिटर्न भरून देणाऱ्या स्वयंसेवकांचा कार्यक्रम आहे, आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये क्लिनिक असतं आणि अकाउंट्स कळणारं माणूस मिळत नाही. कुणाचं नाव घेत नाही.

प्रेषक: मनीषा (खजिनदार)

सर्वांना नमस्कार. रविवारच्या बैठकीत ठराव असा मांडतेय: निम्मी रक्कम प्रेस्टो कार्डांसाठी, निम्मी शिल्लक. हिंदी बोलणाऱ्यांनी शुभांगीकडे थेट नाव द्यावं, लिस्टवर नको. पोलीस व्हेरिफिकेशनला वेळ लागतो, तेव्हा आताच.

प्रेषक: दिलीप

ठरावाच्या विरोधात माझं मत धरावं. टॅक्सचं मी करीन. सॉफ्टवेअर कोणतं वापरता, आणि पार्किंग आहे का?