तेव्हा रिपोर्टच केला नव्हता, तरी व्हीएकडे (अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याकडे) एमएसटीचा (सैन्यात असताना झालेल्या लैंगिक अत्याचाराचा) डिसॅबिलिटी क्लेम करता येतो का?

धाकटीचा_दादा:
नमस्कार मंडळी, बहिणीबद्दल विचारायचंय, तिला विचारूनच लिहितोय. ती यूएस नेव्हीत होती. २०११ मध्ये शिपवरच्याच एका सीनिअरने तिच्यावर अत्याचार केला. तेव्हा ती कुणाकडे बोलली नाही, कारण जिथे तक्रार करायची तिथला माणूस त्याचाच दोस्त. आम्हा घरच्यांना पण आत्ता आत्ता कळलं. झोप नाही, गर्दीत जीव घाबरा होतो, एकही नोकरी धड टिकत नाही. डिस्चार्ज ऑनरेबल आहे, म्हणजे सन्मानाने मुक्त केलंय. तिच्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं की कागदावर काही नाही म्हणजे व्हीए दारात पण उभं करणार नाही, आणि ती तेच धरून बसलीय. खरंच असं आहे का? त्या माणसावर केस झालीच नाही तर काय?

जुना_सार्जंट:
दादा, त्या सहकाऱ्याचं अजिबात ऐकू नका. केस, शिक्षा, तक्रार यातलं काहीही लागत नाही. पीटीएसडीच्या (आघातानंतरच्या मानसिक आजाराच्या) क्लेमला तीन गोष्टी लागतात, डॉक्टरांचं निदान, सर्व्हिसमध्ये ती घटना घडल्याला काहीतरी आधार, आणि या दोन्हींचा संबंध आहे असं वैद्यकीय मत. अडतं ते मधल्यावर. पण अत्याचाराच्या क्लेमसाठी व्हीएचा वेगळा नियम आहे, ३.३०४(एफ)(५), त्यात स्पष्ट म्हटलंय की सर्व्हिस रेकॉर्डच्या बाहेरचा पुरावा पण चालतो. आणि फेडरल सर्किट कोर्टाने २०१३ मध्ये एझेड विरुद्ध शिन्सेकी या केसमध्ये सांगून टाकलं की रिपोर्ट नाही म्हणून घटना घडलीच नाही असं व्हीएला धरता येणार नाही.

मग शोधायचं काय, तर त्या तारखेच्या आधीची ती आणि नंतरची ती. अचानक बदली मागितली का, इव्हॅल्युएशन (कामाचे शेरे) चांगली येत होती ती घसरली का, दारू वाढली का, विनाकारण पॅनिक अटॅक, सिकबेला (जहाजावरच्या दवाखान्यात) सारख्या चकरा, प्रेग्नन्सी टेस्ट किंवा लैंगिक आजारांची टेस्ट करून घेतली का, पैशाचं वागणं एकदम बदललं का. यातलं बरंचसं नियमात नावानिशी आहे, बाकीचं त्याच धर्तीचं, त्याला मार्कर म्हणतात. रूममेट, घरचे, चर्चमधले, ज्यांना कुणाला तेव्हा फरक जाणवला त्यांची स्टेटमेंट फॉर्म २१-१०२१० वर देता येतात. तुम्ही स्वतः पण द्या, पण ऐकीव नको, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं तेवढंच लिहा.

घटनेची माहिती फॉर्म २१-०७८१ वर जाते, मूळ अर्ज २१-५२६ईझेड. आणि आजच्या आज एक काम करा, इंटेंट टू फाइल (क्लेम करणार आहे अशी नोंद) टाकून ठेवा. मग पुरावे जमवायला एक वर्ष मिळतं, आणि क्लेम मंजूर झाला तर पैसे साधारण त्या तारखेपासून धरतात. लोक हे विसरतात आणि महिनेच्या महिने हातचे जातात.

परत_उभी:
मी स्वतः आर्मीतली, याच वाटेने गेलेली. सार्जंटनी क्लेमचं सगळं नीट सांगितलंय पण मी म्हणेन आधी उपचार, क्लेम त्याच्या मागून चालू दे. या दोन वेगळ्या खिडक्या आहेत. एमएसटीचे उपचार व्हीएमध्ये फुकट आहेत, त्याला रेटिंग (व्हीए ठरवते ती अपंगत्वाची टक्केवारी) लागत नाही, पुरावा लागत नाही, क्लेम केलेला असावा असं पण नाही. प्रत्येक व्हीए हेल्थ सिस्टिममध्ये एमएसटी कोऑर्डिनेटर असतो, फोन करून तेवढंच नाव घ्यायचं. व्हीएच्या मोठ्या इमारतीत पाऊल टाकवत नसेल (मला टाकवत नव्हतं) तर व्हेट सेंटर (व्हीएचीच छोटी समुपदेशन केंद्रं) बघा, तिथे काउन्सेलिंग मिळतं आणि वातावरण कमी सरकारी असतं.

सी अँड पी एक्झामला (क्लेमसाठी व्हीए करून घेतं ती वैद्यकीय तपासणी) तपासणारी बाई हवी की पुरुष ते आधीच मागता येतं, तिने मागावंच. आणि तिथे आपण मराठी घरातल्या पोरी "ठीक आहे, चाललंय" म्हणून मोकळ्या होतो, ते करू नकोस म्हणावं. रेटिंग घटना किती भयंकर होती यावर नसतं, आज काम आणि नाती किती बिघडलीत यावर असतं. ०, १०, ३०, ५०, ७० किंवा १०० टक्के. २०२५ मध्ये एकट्या व्यक्तीला १० टक्क्याला महिना १७५.५१ डॉलर आणि १०० ला ३,८३१.३० डॉलर मिळत होते, करमुक्त. म्हणजे वाईट दिवस कसा जातो ते लपवलं तर नुकसान आपलंच.

नुसताच_वाचक:
थोडं विषय सोडून, हे पुरुषांना पण आहे ना? मित्रासाठी विचारतोय, आणि त्याचा डिस्चार्ज अदर दॅन ऑनरेबल आहे.

जुना_सार्जंट:
हो, पुरुषांना अगदी तेच नियम. डिस्चार्जचं जरा किचकट आहे, व्हीए आधी त्याची परिस्थिती तपासून ठरवतं. पण डिस्चार्ज अपग्रेड मागता येतो, आणि संरक्षण खात्याच्या २०१७ च्या कुर्टा मेमोप्रमाणे अत्याचार किंवा पीटीएसडीमुळे वागणं बिघडलं असेल तर अपग्रेड ठरवणाऱ्या बोर्डाने ते मोकळ्या मनाने बघायचं असतं. उपचारासाठी मात्र त्याने आत्ताच विचारावं, इतर व्हीए सेवा मिळत नसतील तरी एमएसटीचे उपचार मिळू शकतात.

धाकटीचा_दादा:
खूप आभार दोघांचे. एका कंपनीने फोन करून सांगितलं की सगळं आम्ही भरतो, मंजूर झालं की वाढीव रकमेचा काही हिस्सा द्या. देऊ का?

जुना_सार्जंट:
नका देऊ!! पहिल्या क्लेमसाठी मान्यताप्राप्त वकीलसुद्धा फी घेऊ शकत नाही. डीएव्ही, व्हीएफडब्ल्यू, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी फुकट करतात, काउंटीचा व्हेटरन्स सर्व्हिस ऑफिसर पण. आणि नाकारलं तर तिथेच संपत नाही. व्हीएच्या इन्स्पेक्टर जनरलने २०१८ मध्ये तपासलं तेव्हा नाकारलेल्या एमएसटी क्लेमपैकी जवळजवळ निम्मे नीट हाताळलेच नव्हते असं निघालं. नवा पुरावा असेल तर सप्लिमेंटल क्लेम, नसेल आणि निर्णयच चुकीचा वाटत असेल तर हायर लेव्हल रिव्ह्यू (वरिष्ठाकडून फेरतपासणी). रिव्ह्यू वर्षाच्या आतच मागावा लागतो, सप्लिमेंटल नंतरही चालतो पण वर्षाच्या आत केलेला बरा.

धाकटीचा_दादा:
तेव्हा ती आईला ईमेल करायची, मराठीतच. त्यात घटनेचं काही नाही, पण "मला इथून दुसरीकडे जायचंय" असं दर चार ओळींनी आहे. ते चालेल का?

परत_उभी:
चालेल म्हणजे काय, सोनं आहे ते. तारखेसकट प्रिंट काढा, सोबत इंग्रजी भाषांतर जोडा, आणि आईंचं स्टेटमेंट घ्या की हे तिने मला पाठवले होते. त्यातल्या कुठल्या ओळी द्यायच्या ते मात्र तिला ठरवू दे.