मदत हवी आहे: अमेरिकेतल्या ब्लू-रे डिस्क इथल्या पीएस ४ वर लावायच्या आहेत

ताईने न्यू जर्सीहून येताना गेमच्या २ आणि हॉलिवूड सिनेमांच्या ११ ब्लू-रे डिस्क आणल्या. आमचा पीएस ४ (प्लेस्टेशन ४, गेम कन्सोल) पुण्यात घेतलेला. दोन्ही गेम लगेच सुरू झाले. सिनेमे मात्र ४च लागले, बाकी ७ लावले की रीजन कोडचा (डिस्क जगाच्या कोणत्या विभागात चालेल ते ठरवणाऱ्या खुणेचा) संदेश येतो. कारण कळलं आहे: ब्लू-रेसाठी अमेरिका ‘ए’ विभागात, भारत ‘सी’मध्ये.

सेटिंग्ज, अपडेट, डिस्क पुसून पाहणं, सगळं झालं. पाकिटातले, सिनेमा ऑनलाइन पाहण्यासाठीचे डिजिटल कोड इथे चालत नाहीत. कृपया ओटीटी सुचवू नका. मला दिग्दर्शकाची कॉमेंटरी आणि इफेक्ट्स कसे केले ते दाखवणारे भाग पाहायचेत, माझा खरा जीव त्यातच आहे, आणि ते डिस्कवरच आहेत. तिकडून प्लेअर मागवला तर व्होल्टेजची अडचण.

७पैकी ३ पाकिटांत ४के (अल्ट्रा एचडी ब्लू-रे, जास्त स्पष्ट चित्राची) डिस्कही आहे. तिला विभागाचं बंधन नसतं, पण पीएस ४ ती वाचत नाही. डिस्क ड्राइव्हवाल्या, भारतात घेतलेल्या पीएस ५ वर अशी अमेरिकन डिस्क कुणी स्वतः लावून पाहिली आहे का? आणि उरलेल्या ४ सिनेमांसाठी ‘ए’ आणि ‘सी’ दोन्ही वाचणारा, २३० व्होल्टवर चालणारा प्लेअर १५,००० रुपयांच्या आत कुठला मिळेल?