पुढच्या चाकांची स्पोर्ट्स कार: हौस फिटली का?

घाटवाट_६६:
दीड वर्षापूर्वी सेकंड हँड हॉट हॅच, म्हणजे दमदार इंजिनाची छोटी हॅचबॅक, घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, धागा उगाच तिकडे वळेल. १९० च्या आसपास हॉर्सपॉवर, सगळी पुढच्या दोन चाकांवर. घर रत्नागिरीला, नोकरी कोल्हापूरला, म्हणजे आंबा घाट दर शनिवार-रविवार ठरलेला. माझं मत: पैसे स्पोर्ट्स कारचे मोजले, हातात आली ती जोरात पळणारी घरगुती गाडी.

साखरप्याहून वर चढताना दुसऱ्या गिअरला वळणात जरा रेस दिली की आतलं चाक नुसतं फिरत बसतं. डॅशवर पिवळा दिवा लुकलुकतो, कॉम्प्युटर पॉवर कापतो आणि गाडी वळायचं सोडून बाहेर सरकते. सरळ रस्त्याला पूर्ण दाबावी तर स्टिअरिंग हातात वळवळतं. त्याच दोन चाकांनी ओढायचं, त्यांनीच वळायचं. त्यात वेग घेताना वजन मागे जातं, म्हणजे गरज असते तेव्हाच पुढची चाकं हलकी.

कळस गणपतीत झाला. आमचं घर रस्त्याच्या खाली, पाखाडीला लागून काँक्रीटची चढण, त्यावर शेवाळ. गाडी अर्ध्यात अडकली. टायर जागच्या जागी गरगर, रबराचा वास थेट मखरापर्यंत. शेवटी शेजारचा ओम्नीवाला म्हणाला, "दादा, उलटी घ्या." उलटी घेतली, चढली. घराकडे तोंड करून मागे मागे सरकत स्पोर्ट्स कार वर जाताना अख्खी वाडी पडवीत उभी. काका तर आरतीचं ताट हातात घेऊन.

तारकर्लीचो_वारो:
मेल्या, गाडी पुढच्या चाकांची ह्या घेताना म्हायत नव्हता काय? 😀

भाट्येकर:
उलटी का चढली याचा विचार केलास का? चढावर वजन खालच्या बाजूच्या चाकांवर येतं. उलटी घेतलीस तेव्हा खालची चाकं म्हणजे तुझी ओढणारीच. ओम्नीवाल्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि घाटात आतलं चाक फिरतं तो साध्या डिफरन्शियलचा (दोन चाकांत ताकद वाटणारे गिअर) दोष. फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआय या हॉट हॅचला पुढच्या ॲक्सलवर डिफरन्शियल लॉक आहे, तो ताकद बाहेरच्या चाकाकडे वळवतो. तीही पुढच्याच चाकांची. मिनी कूपर एस ही चिमुकली गाडी तर पुढच्या चाकांच्याच रचनेवर १९६४, ६५ आणि ६७ ला मॉन्टे कार्लो रॅली जिंकली, तीही बर्फात. तिकडे मागच्या चाकांवर चालणाऱ्या, कितीतरी मोठ्या इंजिनाच्या गाड्या होत्या.

पद्मिनीवाला:
रॅलीवाल्यांचं सांगू नका, ते पोटापाण्यासाठी चालवतात. प्रश्न मजेचा आहे. वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीत जेमतेम चाळीस घोडे होते, पण ढकलायची मागून. कुंभार्ली घाटात पहिल्या पावसात शेपूट किंचित हलायचं, स्टिअरिंग मात्र कायम स्वच्छ. पुढचं काम पुढे, मागचं मागे. धागाकर्त्याचं दुःख मला पटतं.

भाट्येकर:
किंचित हललेलं शेपूट चाळीस घोड्यांचं होतं म्हणून आज लिहिताय. तिथे १९० घाला. पुढच्या चाकांची गाडी चुकलात की बाहेर सरकते, पाय हळू उचललात की बहुतेक वेळा परत ओळीत येते. मागच्या चाकांची गिरकी घेते. जुलैत आंब्याला धुकं असतं, पुढचं बोनेट दिसत नाही, समोरून एसटी. तिथे यातली कोणती चूक परवडेल?

घाटवाट_६६:
सुरक्षित आहे हे मान्य. पण सुरक्षित हवी असती तर आईची वॅगनआर होतीच की! तीच चढण ती सरळ तोंडाने चढली, दुसऱ्याच दिवशी.

भाट्येकर:
कारण तिच्यात ताकद कमी, चाक तितक्या सहज गरगरत नाही. आणि बहुतेक टायरही बरे असतील. तुझे कधीचे आहेत? टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. बघून ये.

पद्मिनीवाला:
आता हे टायरवर नेणार. प्रत्येक धाग्यात हेच.

घाटवाट_६६:
टॉर्च घेऊन बघून आलो. चारही ३८१८.

भाट्येकर:
सप्टेंबर २०१८. गणपतीतच जन्मलेत.

घाटवाट_६६:
हसा. पण ऐका, मागच्या दोघांची नक्षी अजून शाबूत आहे, पुढचे दोन गुळगुळीत. ओढणं त्यांनी, वळणं त्यांनी, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. मागचे नुसते बरोबर येतात. हा माझाच मुद्दा झाला.

भाट्येकर:
म्हणूनच दहा हजार किलोमीटरच्या आत पुढचे मागे, मागचे पुढे करतात. दीड वर्षात किती वेळा केलंस?

घाटवाट_६६:
विषय गाडीचा चाललाय.

तारकर्लीचो_वारो:
म्हंजे एकदाय नाय.