तत्त्वज्ञान आणि धर्म एकाच एम.ए.त कोंबायचं कशाला?

अर्धविराम (धागाकर्ता)

दोन वर्षांचं एम.ए. संपून आता वर्ष होत आलं. पदवीच्या कागदावर 'तत्त्वज्ञान व धर्म' असं एका ओळीत छापलंय आणि त्यातल्या 'व'वर मी अजून अडखळतो. मत सरळ सांगून टाकतो: पदव्युत्तर पातळीवर हे दोन विषय एकत्र शिकवू नयेत. पदवीपर्यंत ठीक आहे, तिथे तोंडओळखच करून घ्यायची असते. पुढे दोघांनी वेगळी चूल मांडावी.

हे मत कशावरून झालं तेही सांगतो. दुसऱ्या सत्रात अन्सेल्मवर निबंध होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: १०७७-७८च्या सुमारास या मठवासी पंडिताने 'प्रोस्लोगिओन' लिहिलं. त्यातला मुद्दा असा की, ज्याहून मोठं काही कल्पिताच येत नाही ते म्हणजे देव. असं काही फक्त मनातच असेल, तर मनाबाहेरही असणारं त्याहून मोठं ठरेल. सबब ते मनाबाहेरही असलंच पाहिजे.

मी आठ पानं लिहिली. निबंध दोन परीक्षकांकडे गेला, एक तत्त्वज्ञानाचे, एक धर्म-अभ्यासाच्या. परत आला तेव्हा तिसऱ्या पानाच्या डाव्या समासात निळ्या शाईने लिहिलं होतं, "पाल्हाळ पुरे. युक्तिवाद वैध आहे की नाही?" आणि त्याच ओळीसमोर उजव्या समासात हिरव्या शाईने, "ही प्रार्थना आहे. तुम्ही तिचं गणित का केलंत?"

दोघांचंही बरोबर होतं, हीच पंचाईत. मूळ पुस्तक खरंच देवाला उद्देशून लिहिलंय. आणि त्यातला युक्तिवादही खरंच युक्तिवाद आहे.

अशा दोन वर्षांत मी काय शिकलो? निसटायला शिकलो. तत्त्वज्ञानाच्या तासाला खऱ्या-खोट्याचा प्रश्न अंगावर आला की "पण संदर्भ बघायला हवा" म्हणायचं. धर्माच्या तासाला कुणी संदर्भ विचारला की "पण तर्क बघायला हवा". तोंडी परीक्षेत हे फार कामाला येतं, एवढं मात्र कबूल.

१९६७ साली लँकेस्टर विद्यापीठात ब्रिटनमधला पहिला धर्म-अभ्यास विभाग निघाला, तो ईश्वरशास्त्रापासून वेगळा असा. श्रद्धा शिकवायची नाही, श्रद्धेविषयी शिकवायचं, ही त्यामागची भूमिका. ती वाटणी बऱ्यापैकी मानवली. मग तत्त्वज्ञानाशीच एवढा घरोबा कशासाठी?

पूर्वपक्ष

पूर्ण असहमत. तुमचा निबंध फसला त्याचं खापर अभ्यासक्रमावर फोडताय.

एक उदाहरण देतो. उदयनाचार्य, दहाव्या-अकराव्या शतकातले नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित. 'न्यायकुसुमांजली'च्या पाचव्या स्तबकात (प्रकरणात) पहिल्याच कारिकेत (श्लोकात) ते ईश्वर सिद्ध करायला हेतूंची रांग लावतात: कार्य, आयोजन, धृती असं करत शेवटचा 'संख्याविशेष'. आमच्या वर्गात या शेवटच्या एका शब्दावर अख्खे दोन तास गेले.

प्रकरण असं. दोन परमाणू मिळून द्व्यणुक होतं. त्याला आकारमान कुठून येतं? परमाणूच्या आकारमानातून म्हणावं तर घोटाळा होतो, कारण मोठ्यातून जसं आणखी मोठं निघतं तसं अणूतून आणखीच बारीक निघेल. म्हणून उत्तर असं, की ते 'दोन' या संख्येतून येतं. आणि न्याय-वैशेषिकांच्या हिशेबी 'दोन' ही संख्या कुणीतरी 'हा एक, हा एक' असं मोजल्याखेरीज उत्पन्नच होत नाही. त्या मोजणाऱ्या जाणिवेला अपेक्षाबुद्धी म्हणतात. आता सृष्टीच्या आरंभी मोजायला होतं कोण? झाला ईश्वर सिद्ध.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वर्ग हसला. अर्ध्या तासाने कुणी हसत नव्हतं, कारण नेमकी कुठली पायरी काढली की जिना कोसळतो हे कुणालाच पटकन सांगता येईना.

तर धागाकर्त्यांना प्रश्न: हे पुस्तक कुठल्या विभागाच्या कपाटात ठेवणार? आणि उदयनांच्या समोर उभे कोण? बौद्ध तर आहेतच, पण वेदातल्या विधींचा अर्थ लावणारे मीमांसकही आहेत. त्यांच्यातले कुमारिल भट्ट वेदाचं प्रामाण्य जिवाच्या आकांताने राखतात आणि जग निर्माण करणारा ईश्वर मात्र 'श्लोकवार्तिका'त खोडून काढतात. वेद हवा, विधी हवेत, कर्ता नको! तुमच्या वाटणीत कुमारिल धर्माच्या वाट्याला की तत्त्वज्ञानाच्या? विधीचं त्यांच्या लेखी काय मोल होतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ते निर्मात्याला का नाकारतात हे सात जन्मांत कळायचं नाही.

अर्धविराम

संख्याविशेषाचा मुद्दा झकास मांडलात, दंडवत. पण तो माझ्याच बाजूने जातो की हो. ती अपेक्षाबुद्धीची पायरी तपासायला श्रद्धा लागत नाही, भाविकांच्या मुलाखती लागत नाहीत, विधींची नोंदवही लागत नाही. तर्क लागतो. मग तो तत्त्वज्ञानाच्याच वर्गात शिकवा.

अन्सेल्मलाही पहिला आडवा गेला तो नास्तिक नव्हता. गॉनिलो नावाचा त्याच्यासारखाच मठातला साधू होता. त्याने 'मूर्खाच्या वतीने' (मूर्ख म्हणजे देव नाही म्हणणारा) म्हणून उत्तर लिहिलं: याच न्यायाने मी सर्वांत उत्तम बेट कल्पिलं, तर तेही समुद्रात कुठेतरी असलंच पाहिजे का? देव मानणारा माणूस देवाचा पुरावा मोडतोय. म्हणजे युक्तिवाद श्रद्धेपासून सुटा करता येतो, आणि मठात राहूनही येतो.

पूर्वपक्ष

पुढचंही सांगा ना. गॉनिलोचा आक्षेप आणि त्यावरचं आपलं उत्तर, दोन्ही मूळ पुस्तकाला जोडूनच नकललं जावं अशी अन्सेल्मची इच्छा होती. आपलं खंडन आपल्याच पोथीत! ही रीत कुठल्या जीवनातून आली, हे विचारायला तुमच्या हिरव्या शाईवाल्या बाईच लागतील.

आणि लँकेस्टरचं म्हणाल, तर त्या विभागाची घडी बसवणारे निनियन स्मार्ट हे मुळात तत्त्वज्ञानातले. १९५८चं त्यांचं 'रीझन्स अँड फेथ्स' उघडून बघा. धर्माची अंगं मोजताना त्यांनी विधी, कथा, अनुभव, नीती, समाजव्यवस्था यांच्या पंक्तीत सिद्धान्तालाही बसवलं, बाहेर काढलं नाही.

सांजवात

दोघांचं वाचलं. माझी तक्रार तिसरीच आहे.

मी श्रद्धाळू आहे आणि हाच जोडविषय घेऊन शिकले. तत्त्वज्ञानाच्या वर्गात मला बरं वाटायचं, कारण तिथे माझं म्हणणं चुकीचं ठरवायला का होईना पण लोक ऐकून घ्यायचे. धर्म-अभ्यासाच्या वर्गात माझं म्हणणं म्हणजे 'सामग्री'. एकदा मी म्हटलं, "पण हे खरं आहे असं मला वाटतं." प्राध्यापकांनी मान डोलावली आणि फळ्यावर लिहिलं: 'आतल्या व्यक्तीचा दृष्टिकोन'. मी जिवंत समोर बसलेली आणि माझं शीर्षक फळ्यावर!

धर्माचे अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९५९ साली म्हटलं होतं, की एखाद्या धर्माविषयीचं विधान त्या धर्माच्या माणसांना मान्य होईपर्यंत वैध नाही. माझ्या वर्गात ते 'जुनं मत' म्हणून एका ओळीत उरकलं. माझ्या मते पदव्युत्तर पातळीवर ते पहिल्या दिवशी शिकवावं.

त्रयस्थ

सांजवातताई, फळ्याचा प्रसंग वाचून वाईट वाटलं. तरी स्मिथांचा नियम चालवायला घेतला की अडतो. मान्यता कुणाची घ्यायची? एकाच धर्मातल्या दोन पंथांचं एकमेकांविषयी काय मत असतं ते आपण सगळे जाणतो. ज्यांना त्या धर्मात बोलायचाच अधिकार नव्हता, त्यांचा शिक्का कुठून आणणार? नियम पाळायचा म्हटलं तर अधिकाऱ्यांचीच सही लागेल, आणि मग अभ्यासक त्यांचा कारकून होतो.

धर्म-अभ्यासातलेच रसेल मॅककचन यांनी २००१च्या पुस्तकाच्या नावातच सांगून टाकलं, की अभ्यासकाने टीकाकार असावं, राखणदार नव्हे. मला ते जरा टोकाचं वाटतं. त्यांच्या लेखी श्रद्धेत सत्तेखेरीज दुसरं काही उरतच नाही की काय अशी शंका येते. पण फळ्यावर शीर्षक लिहिणाऱ्या प्राध्यापकांची अडचण मला कळते. वीस जणांच्या वर्गात एकीचं 'खरं वाटतं' मान्य केलं की उरलेल्यांचंही करावं लागतं.

सांजवात

मान्य करा असं म्हटलंच नव्हतं. "का वाटतं?" एवढं विचारा, असं म्हणत होते. निळ्या शाईवाल्या सरांनी विचारलं असतं.

साधा बाक

सगळे विद्वान बोलून झाले असतील तर जमिनीवरचं सांगतो. मीही हीच पदवी घेतली, आज कंत्राटांचे मसुदे तपासतो. काम आवडतं. एका शब्दाचे तीन अर्थ निघू शकतात हे ज्याला दिसतं त्याला तिथे मान आहे, तेव्हा पदवी वाया गेली असं म्हणणार नाही.

पण पीएच.डी.ला अर्ज केला तेव्हा काय झालं ते ऐका. तत्त्वज्ञान विभाग म्हणाला, तुमचं तर्कशास्त्र एकाच पेपरपुरतं आहे. धर्म-अभ्यास विभाग म्हणाला, तुम्हाला मूळ ग्रंथांची एकही भाषा धड येत नाही. दोघेही सभ्यपणे म्हणाले. त्या दिवशी 'व'ची किंमत कळली. या धाग्यावर उदयन-कुमारिलांचं मोठं कौतुक चाललंय, पण दोन वर्षांत दोन्हीकडचं पुरेसं शिकवायला वेळापत्रकात तास कुठून आणणार, हे पूर्वपक्षांनी एकदा सांगावं.

नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना एकच सांगेन: अभ्यासक्रमाच्या नावाकडे बघू नका, प्रबंधाला मार्गदर्शक कोण मिळणार ते आधी विचारा. आणि ते त्या दोन वर्षांत रजेवर तर जात नाहीत ना, तेही. (माझे गेले होते.)

धातुपाठ

साधा बाक यांच्याशी भाषेपुरतं शंभर टक्के सहमत. धाग्याच्या शीर्षकातलाच एक शब्द सगळ्यांनी गृहीत धरलाय: 'धर्म'. मराठीत पाण्याचा धर्म वाहणं, विस्तवाचा धर्म जाळणं. शेजारधर्म म्हणतो त्यात देवही नाही आणि पोथीही नाही. न्यायाच्या वर्गात धर्म म्हणजे पदार्थावर राहणारा गुणविशेष, मीमांसेत वेदाने सांगितलेलं कर्तव्य, अभिधर्म या बौद्ध शास्त्रात अस्तित्वाचे सुटे सुटे घटक. आणि प्रवेशाच्या फॉर्मवर 'धर्म' असा रकाना असतो तिथे आणखी वेगळाच अर्थ. वरच्याच स्मिथांनी १९६२च्या पुस्तकात 'रिलिजन' हा शब्दच टाकून द्या असं सुचवलं होतं, ते उगाच नव्हे.

तेव्हा विषय एकत्र ठेवा की तोडा, मला फारसं घेणंदेणं नाही. पहिलं पूर्ण वर्ष एका मूळ भाषेला द्या. संस्कृत, पाली, अरबी, ग्रीक, लॅटिन, हिब्रू, कुठलीही. अनुवादावर वाद घालणारा माणूस निम्मा वेळ अनुवादकाशी भांडत असतो, आणि त्याला ते माहीतही नसतं. मी स्वतः दीड वर्ष असा भांडलोय.

पूर्वपक्ष

साधा बाक, तासांचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्याकडे ते दोन तास संख्याविशेषावर गेले, त्यापायी दुसरा एक अख्खा घटक शिकवायचा राहिला आणि परीक्षेत नेमका त्यावर प्रश्न आला. तरीही मला ते दोन तासच हवे होते. हा युक्तिवाद नव्हे, ठाऊक आहे.

अर्धविराम

सांजवातताईंच्या "का वाटतं?"पाशी मी थांबलो. माझ्या मांडणीत तो प्रश्न कुठल्या विभागात जाईल ते ठरवता येईना. तत्त्वज्ञान त्याला 'कारण द्या' असं ऐकतं, धर्म-अभ्यास 'तुमच्यावर हे कसं घडलं' असं ऐकतो, आणि त्यांना बहुधा दोन्ही एकदम हवं होतं.

तरी माझं मत बदललेलं नाही. साधा बाक यांच्यासोबत जे झालं ते अजून कितीजणांसोबत व्हायचंय? एकत्र शिकवायचंच असेल तर तीन वर्षं करा, आणि धातुपाठ म्हणतात तसं पहिलं वर्ष भाषेला द्या. दोन वर्षांत दोन विषय, दोन परीक्षक आणि एक बिचारा निबंध, हे जमत नाही.

त्रयस्थ

अवांतर: त्या निबंधाला शेवटी गुण किती पडले?

अर्धविराम

निळ्या शाईने ४१, हिरव्या शाईने ६२. फरक जास्त म्हणून तिसऱ्या परीक्षकाकडे गेला. त्यांनी ५१ दिले. शेरा एकही नाही.

साधा बाक

पहिल्या दोघांची सरासरी साडेएक्कावन्न येते. अर्ध्या गुणासाठी पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केलात की नाही?

अर्धविराम

केला. "कोणत्या विभागाकडे पाठवायचा?" म्हणून परत आला.