मदत हवी आहे : फायबर बॉडीच्या जुन्या किट कारचं वायरिंग, दुरुस्त करू की सगळं नव्यानं टाकू?

नमस्कार मंडळी,

मामांनी 35 वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं जोडलेली किट कार आता माझ्याकडे आली आहे. खाली चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा), इंजिन आणि वायरिंग ट्रायम्फ हेराल्ड 13/60 या जुन्या ब्रिटिश गाडीचं, वर फायबरग्लासची दोन सीटर बॉडी. हेराल्डची चासी स्वतंत्र असते, मूळ बॉडी उचलून दुसरी बसवता येते, म्हणून अशा गाड्या जोडणारे तिला शोधत असत. बारा वर्षं ही गाडी ताडपत्रीखाली उभी होती. ब्रेक, कार्ब्युरेटर, पेट्रोलची टाकी ही कामं हातावेगळी झाली आहेत, इंजिन छान सुरू होतं. घोडं अडलंय ते वायरिंगपाशी.

काय होतंय ते सांगतो. पार्किंगचे दिवे लावून डावा इंडिकेटर दिला की मागचा पार्किंग दिवाही त्याच ठेक्यात लुकलुकतो. ब्रेक दाबला की तो दिवा भडक व्हायच्या ऐवजी मंद होतो. टाकीत जेमतेम पाव टाकी पेट्रोल असताना पेट्रोलचा काटा पार वर जातो, आणि त्याच्या जोडीनं तापमानाचा काटाही लाल रेघेकडे सरकतो. रेडिएटरला हात लावला तर तो कोमट असतो. आणि परवा स्टार्टर मारला तेव्हा चोकच्या (थंड इंजिन सुरू करताना ओढतात त्या खटक्याच्या) केबलमधून धूर आला. केबलचं वेष्टण एका जागी वितळलंय. त्या दिवसापासून बॅटरीची वायर काढूनच ठेवली आहे.

डॅशबोर्डखाली डोकं घातलं तर चिकटपट्टीचा गोंद ओघळून सगळा जुडगा एकजीव झालेला. काही सांधे नुसते पिळून पट्टी गुंडाळलेले. मी काळी वायर म्हणजे अर्थ (अर्थिंग, करंटची परतीची वाट) असं धरून चाललो होतो. डाव्या हेडलाइटमागच्या काळ्या वायरीला मीटर लावला तर 12.4 व्होल्ट! मामांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, त्या दिवशी तपकिरी वायर संपली होती, हाताशी काळी होती ती ओढली. वहीत लिहिलंय बघ." वही उघडली, तर खरंच समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंद आहे. आता त्या वहीचं पान अन् पान वाचतोय, पण मधली काही पानं ओलीनं चिकटली आहेत.

माझा प्रश्न असा, की असे एकेक दोष शोधत बसू की सगळा हार्नेस (वायरींचा जुडगा) काढून नवा बनवू? आणि फायबरच्या गाडीत अर्थ नेमकी कुठून कुठे न्यायची? बॅटरी, मीटर, क्रिम्पिंगचं हत्यार आणि भरपूर वेळ, एवढं माझ्याकडे आहे. मामांचे डोळे आता साथ देत नाहीत, पण कान तल्लख आहेत. गाडी रस्त्यावर आली की ते नुसत्या आवाजावरून ओळखतील, म्हणून काम नीट करायचं आहे.

प्रतिसाद 1

तुमच्या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे, अर्थ. पत्र्याच्या गाडीत दिवा बॉडीला स्क्रूनं बसवला की परतीची वाट आपोआप मिळते. फायबर वीज वाहत नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला स्वतःची परतीची वायर लागते. मागच्या दिव्यांची ती वायर तुटली किंवा गंजली असणार. मग करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो आणि सगळे दिवे एकमेकांच्या तालावर नाचतात.

पडताळा असा घ्या. दिवे लावा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरं बल्बच्या होल्डरच्या अर्थवर. 0.2 व्होल्टच्या आत आकडा हवा. जास्त आला तर तीच वाट खराब.

चोकच्या धुराकडे मात्र दुर्लक्ष करू नका. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि चासी यांच्यामध्ये जाड विणलेली अर्थ पट्टी लागते. ती नसली किंवा सैल झाली की स्टार्टरचा शंभर अँपिअरहून जास्त करंट चोकच्या बारीक केबलमधून परत जातो. नवी पट्टी बसवण्याआधी चासीवरचा रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या, बोल्ट घट्ट झाल्यावर वरून ग्रीस लावा.

आता काटे. डॅशमागे एक छोटी चपटी डबी सापडेल, व्होल्टेज स्टॅबिलायझर. आत द्विधातूची पट्टी तापते, वाकते, संपर्क तुटतो, गार झाली की परत जुळतो, आणि मीटरना सरासरी 10 व्होल्ट मिळतात. पट्टी तापवणाऱ्या तारेला डबीच्या कवचातून अर्थ लागते. फायबरच्या डॅशवर स्क्रू मारला की ती अर्थच नाही, संपर्क कायम जुळलेला राहतो आणि बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज मीटरकडे जातो. दोन्ही काटे जोडीनं चढतात ते म्हणूनच. स्क्रूखाली एक लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची कडी) आणि एक काळी वायर, बस्स.

प्रतिसाद 2

वरच्या म्हणण्याशी सहमत, पण माझं मत नवा हार्नेस टाकावा असंच आहे. काळी वायर जिवंत निघाली ना, मग बाकीच्या रंगांवर विश्वास कसा ठेवायचा? जुना हार्नेस कापू नका, अखंड बाहेर काढा, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा आणि प्लायवूडवर खिळे ठोकून पसरा. तोच नव्याचा साचा. लांबी, फाटे, सगळं तिथेच मोजता येतं.

रंग मात्र जुन्या ब्रिटिश पद्धतीचेच ठेवा. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीवरून, पांढरी इग्निशनवरून, हिरवी इग्निशनवरून पण फ्यूज ओलांडून, जांभळी बॅटरीवरून फ्यूज ओलांडून, लाल पार्किंगला, काळी अर्थ. डावा इंडिकेटर हिरवी-लाल, उजवा हिरवी-पांढरी, ब्रेक हिरवी-जांभळी. पुढे कुणीही डॅशखाली शिरला तरी त्याला वाचता येईल.

फ्यूजबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. मामांनी काचेचे 35 लिहिलेले फ्यूज लावले असतील, तर जुन्या ब्रिटिश खुणेप्रमाणे तो वितळण्याचा आकडा असतो. सतत तो साधारण 17 अँपिअरच वाहतो. ब्लेड फ्यूजवर सतत वाहण्याचा आकडा असतो. जागा बदलताना 35 चा ब्लेड टाकलात तर फ्यूजआधी वायर जळेल, आणि फायबर एकदा पेटलं की आवरत नाही. हेडलाइट दोन, प्रत्येकी 60 वॉट, म्हणजे एकूण 10 अँपिअर. तो भार जुन्या स्विचमधून नेऊ नका. रिले (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावा आणि रिलेपासून पुढे 2 चौरस मिलिमीटरची वायर घ्या.

धागाकर्ता, अकरा दिवसांनी

दोघांचे मनापासून आभार. इंजिनची पट्टी होती, पण एका बाजूचा लग रंगावरच कसलेला होता. खरवडून बसवली, आता स्टार्टर फिरतो तेव्हा चोकची केबल हातात धरली तरी गार. मागच्या होल्डरवर मीटरनं 7.1 व्होल्ट दाखवले होते. तात्पुरती वायर थेट चासीला नेली आणि आकडा 0.05 वर आला, लुकलुक तिथेच थांबली. स्टॅबिलायझरचा लग जोडला तेव्हा पेट्रोलचा काटा हळूहळू उतरून पाव टाकीवर स्थिरावला. किती वेळ नुसता बघत बसलो होतो.

तरी नवा हार्नेस करतोच आहे. जुना काल अखंड बाहेर आला. मामा संध्याकाळी येऊन शेजारी बसले, मी वायरीचं टोक आणि रंग सांगायचो, ते डोळे मिटून ती कुठे जाते ते सांगत. चिकटलेल्या पानांवरच्या बहुतेक नोंदी अशा परत मिळाल्या. एक वायर मात्र त्यांनाही आठवेना, तिला तशीच चिठ्ठी बांधून ठेवली आहे.

आता पुढचा प्रश्न. टाकीचं तोंड धातूचं आहे, पण ते फायबरमध्ये बसवलंय आणि रबरी नळीनं टाकीला जोडलंय, म्हणजे तेही अधांतरीच. पेट्रोल भरताना स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून तिथूनही चासीला अर्थ न्यायची आहे. कुणी केलं असेल तर लग नेमका कुठे घेतला, कॉलरच्या बोल्टखाली की टाकीच्या बाजूला?