अनुभव धागा: मॉडेलिंग एजन्सीला पाठवायचे साधे फोटो कसे काढता?

खिडकीवाला
वधूवर-फोटोंच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं, "एजन्सी पोलरॉइड्स मागतेय, म्हणजे काय?" आणि कास्टिंगच्या फळ्यावर टाचलेले पांढऱ्या काठाचे फोटो आठवले. पोलरॉइड कंपनीने २००८ मध्ये ती झटपट फोटोची फिल्म बंद करायचं जाहीर केलं, नाव मात्र टिकलं. आता कुणी डिजिटल्स म्हणतं, मागणी तीच. मेकअप नको, फिल्टर नको, त्यांना चेहरा आणि बांधा बघायचाय, तुमची फोटोग्राफी नाही.

मॉडेल भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, नाहीतर सावली मागे चिकटते. खिडकी फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी किंवा जरा तिरकी. थेट ऊन येत असेल तर पांढरी चादर अडकवा. घरातले दिवे बंद. सगळे, देवघरातला बल्बसुद्धा. एखादा राहिला की अर्धा गाल निळसर, अर्धा पिवळट, आणि ते नंतर धड सुधारत नाही.

आठ फोटो पुरे: चेहरा समोरून, तोच दात दिसतील असा हसून, तिरका, दोन्ही प्रोफाइल (डावीकडून, उजवीकडून), कमरेपर्यंत, पूर्ण उभा समोरून, पूर्ण उभा बाजूने. काहीजण पाठमोराही मागतात. तुमचं लिहा.

स्लो_लोकल
१एक्स झूमने जवळ जाऊन चेहरा काढू नका!! नाक मोठं, कान गायब. २एक्स लावा, सहा-सात फूट मागे या. पूर्ण उभ्याला दहा-बारा फूट लागतात. वन बीएचकेत नसतात, मग दारातून पॅसेजमध्ये जा, शेजारी बघतील, बघू देत.

अर्धा_उजेड
उंचीचं राहिलं की काका. चेहऱ्याला फोन डोळ्यांच्या रेषेत, पूर्ण उभ्याला बेंबीच्या. उभं राहून वरून काढला की डोकं मोठं, पाय आखूड. स्टुलावर बसा, फोन सरळ धरा, वाकडा केला की मापंच बदलतात.

आणि पांढऱ्या भिंतीसमोर फोन सगळंच गडद करतो, सावळा चेहरा तर काळवंडतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा, लॉक झालं की सूर्याचं चिन्ह किंचित वर. गोरं करायला नाही, आहे तसा रंग यायला! ब्यूटी मोड मागच्या कॅमेऱ्यालाही लागतो काही फोनमध्ये, तो बंद. पोर्ट्रेट मोडही बंद, केसांच्या कडा खातो.

नणंदबाई
लग्नाच्या फोटोवाल्यांना हा धागा दाखवा कुणीतरी 😄

टाचणी_दोरा
कपड्यांवर कुणीच बोलत नाहीये. अंगाबरोबर बसणारा काळा टँक टॉप, गडद स्कीनी जीन्स. ढगळ कुर्ता नको, छापील काही नको, लोगो नको. मुलींचा एक सेट अनवाणी, एक साध्या हील्समध्ये. केस एकदा मोकळे, एकदा घट्ट मागे बांधून, कारण जबड्याची रेषा आणि कान दिसायला हवेत. दागिने, घड्याळ, मनगटावरचा देवाचा धागा, जमेल तेवढं काढा. लिपस्टिकऐवजी साधा लिप बाम, नखं रंगवू नका.

फोटोंसोबत द्यायची मापं शिंप्याच्या टेपने, श्वास न ओढता. कंबर सगळ्यात बारीक जागी (जीन्स बसते तिथे नाही), हिप्स सगळ्यात रुंद जागी, टेप चारी बाजूंनी आडवी. उंची अनवाणी, भिंतीला टाच लावून. आणि पाच फूट सात इंच हे ५.७ असं लिहू नका! ते कुणी दशांश धरून बदललं तर १७० ऐवजी १७४ सेंटीमीटर होतात. सरळ सेंटीमीटर लिहा.

खिडकीवाला
ताई, ५.७ वालं अगदी बरोबर. अजून एक: खिडकी तिरकी असेल तर तिच्या विरुद्ध बाजूला थर्मोकोलचा पांढरा तुकडा धरला की डोळ्याखालचा काळेपणा हलका होतो.

नणंदबाई
थर्मोकोलवर बंदी आहे ना?

स्लो_लोकल
२०१८ ची बंदी ताटवाट्या आणि मखरांवर. फ्रिजच्या खोक्यातला तुकडा वापरा, तो तसाही माळ्यावर पडलेला असतो प्रत्येकाच्या.

नणंदबाई
आमच्या माळ्यावर तीन पिढ्यांची खोकी आहेत. टीव्ही गेला, खोकं आहे.

अर्धा_उजेड
गॅलरीत काढणाऱ्यांनी समोर बघा. झाडं असतील तर चेहऱ्यावर हिरवट छटा येते, समोरची इमारत गुलाबी असेल तर हनुवटीखाली गुलाबी. पावसाळ्यात उजेड मऊ मिळतो पण कमी, हात हलतो. फोन स्टुलावर टेकवून टायमर लावा. मंद उजेडात ३एक्स लावलं तरी बरेच फोन गुपचूप मुख्य लेन्सचाच कापलेला तुकडा देतात, तेव्हा २एक्सच बरं. आणि लेन्स पुसा हो. तेलकट बोट लागलं की सगळं धुक्यात.

पाठवून_बसलोय
ईमेलने द्या, नाहीतर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. साध्या फोटोसारखा पाठवलात की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. आयफोनवाल्यांनी कॅमेरा सेटिंग्ज, फॉरमॅट्समध्ये मोस्ट कम्पॅटिबल निवडा, म्हणजे जेपीजी येतं. फाइलच्या नावात नाव, उंची, शहर.

एजन्सी कामाच्या कमिशनवर चालते. नोंदणीचे पैसे किंवा "पोर्टफोलिओ आमच्याच स्टुडिओत करा" आलं की तिथेच थांबा. अल्पवयीन असेल तर सगळा पत्रव्यवहार आईवडिलांच्या ईमेलवरून.

माहेरवाशीण
बुटांचा नंबर कोणता लिहायचा, आपला की युरोपचा?

टाचणी_दोरा
दोन्ही. आपल्याकडचे नंबर बहुतेक यूकेचे असतात, ६ म्हणजे युरोपचा साधारण ३९.