परदेशवारीचे कागद, कोकणातून: काय लागलं, कुठे अडलं, कशाने सुटलं

गणपतीला घरोघरी माणसं आली की एक विषय हमखास निघतो. मुलगा मस्कतला, लेक जर्मनीत, नातवंडाच्या बारशाला आईवडिलांना न्यायचंय, कागद कोण करणार? एजंट करून देतो खरं, पण फॉर्मवर सही आपली असते आणि नकाराचा शिक्काही आपल्याच नावावर बसतो. म्हणून हा धागा. प्रवासवर्णन नको. कुठला कागद लागला, का अडला आणि कशाने सुटला एवढंच लिहा. फी, नियम सतत बदलतात, तेव्हा आकडा लिहाल तर कधीपासूनचा तेही लिहा.

सुरंगी, वेंगुर्ले

नावापासून सुरुवात करते, कारण निम्मी गाडी तिथेच अडते. पासपोर्टवर दोन रकाने असतात, आडनाव आणि दिलेलं नाव. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आणि खाली नुसतं 'सुलोचना' असं सापडतं. यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा आणि प्रवेश बंद केला. वडिलांचं किंवा घराण्याचं नाव पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर असेल तर चालेल, असा खुलासा पाठोपाठ आला, पण चेक-इन काउंटरवर त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसाचं एकुलतं नाव आडनावात जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं. मग तिकीट, विमा सगळीकडे तेच निस्तरत बसा.

उपाय एकच: पासपोर्ट 'री-इश्यू'ला टाकायचा, तपशील बदल म्हणून. ३६ पानी पुस्तिकेची फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,००० जास्त. दुरुस्ती आधी, व्हिसा नंतर. आधी व्हिसा काढून नंतर नाव बदललं तर व्हिसावरचं नाव जुनंच राहतं.

स्पेलिंगचं निराळं. सावंतमधला 'व' आधारवर व्ही आणि शाळेच्या दाखल्यावर डब्ल्यू असेल तर आधी आधार सुधारा, तेच सगळ्यांत सोपं. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव दोन्ही कागदांत येत असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडायचं.

हापूसवाला, देवगड

बागायतदारांचा घोळ बँकेच्या स्टेटमेंटात असतो. बहुतेक ठिकाणी शेवटच्या तीन किंवा सहा महिन्यांचं मागतात. जानेवारीत अर्ज केला तर त्या तीन महिन्यांत दिसतं काय? फवारणी, खत, राखणदाराचा पगार. नुसता खर्च. पैसा एप्रिल-मेमध्ये येतो, तोही रकमेने. तपासणाऱ्याला आंब्याचा हंगाम ठाऊक असायचं कारण नाही, त्याला एवढंच दिसतं की खातं रिकामं आहे.

म्हणून स्टेटमेंट बारा महिन्यांचं द्यायचं, मागितलेलं नसलं तरी. त्यावर बँकेचा शिक्का आणि सही हवी, पासबुकाची झेरॉक्स चालत नाही. सोबत वाशीच्या दलालाच्या पट्ट्या, म्हणजे आंबा विक्रीच्या पावत्या. मोठ्या रकमांसमोर पेन्सिलीने आकडा घाला आणि तोच आकडा पट्टीवर टाका, म्हणजे कुठली जमा कशाची हे शोधावं लागत नाही. कव्हरिंग लेटरमध्ये चार ओळी: उत्पन्न हंगामी आहे, वर्षातून एकदा येतं, पुढचा हंगाम अमुक महिन्यात सुरू होतो आणि त्याआधी मला परत यायचंय. ही शेवटची ओळ पैशापेक्षा जड असते.

आयकर विवरण: शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून बरेच जण भरतच नाहीत. भरा. मात्र शेतीचं उत्पन्न वर्षाला ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. सायबर कॅफेवाला सरळ एक नंबर भरून मोकळा होतो, लक्ष ठेवा. दोन-तीन वर्षांची विवरणं असली की फाईलला वजन येतं.

सात-बारावर फार भिस्त ठेवू नका. आपल्याकडे खातं सामाईक, एकेका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मे मुंबईला आणि दोघे वारलेले. इंग्रजी भाषांतर करून जोडा जरूर, पण ते 'गावात मुळं आहेत' एवढंच सांगतं. त्यातून पैसा दिसत नाही.

खाडीकाठ, हर्णै

वरचंच मच्छीमारांना. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या बंद, त्यामुळे ऑगस्टमध्ये काढलेल्या तीन महिन्यांच्या स्टेटमेंटात जेमतेम मे दिसतो. सोसायटीची डिझेलची बिलं, होडीची नोंदणी आणि मासळी विक्रीच्या पावत्या जोडायच्या. लिलावाचा पैसा रोखीत येतो, तो आठवड्याच्या आठवड्याला खात्यात भरत चला. अर्जाच्या पंधरा दिवस आधी दोन लाख एकदम भरले की ते उसने आणलेले वाटतात. बहुतेकदा असतातही!

काजूबी, सावंतवाडी

व्हिसासाठी द्यायच्या बोटांच्या ठशांबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांची कातडी बियांच्या तेलाने भाजून सोलवटते, रेषाच उरत नाहीत. मशीन तीन-चारदा लाल दिवा दाखवतं. तारखेच्या आधी किमान तीन आठवडे काजू बंद. रात्री खोबरेल चोळायचं, सकाळी साबणाने धुऊन कोरडं करायचं. तेलकट बोट ठेवलं तरी ठसा येत नाही, म्हणून त्या दिवशी तेल नको. चिरेखाणीवरच्या माणसांनाही हेच. नखाच्या कडेकडून बोट किंचित लोळवून, मध्यभागी दाबून धरा. फार जोर दिला तर रेषा चपट्या होतात.

शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या देशांच्या सामाईक व्हिसासाठी, दिलेले ठसे ५९ महिने चालतात. त्या मुदतीत पुन्हा अर्ज केला तर बहुधा ते नव्याने द्यावे लागत नाहीत.

पाटपाणी, चिपळूण

शेंगेन. आता २९ देश, बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्ण आत आले. फी ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याखाली माफ. अर्ज केंद्राचे पैसे वेगळे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलात तर उशीर झाला. मे-जूनसाठी फेब्रुवारीतच तारीख धरावी.

अर्ज कुठल्या देशाकडे? जिथे जास्त रात्री राहणार त्याच्याकडे. रात्री सारख्या असतील तर जिथे पहिलं पाऊल पडेल त्याच्याकडे. लेक जर्मनीत, पण तारीख लवकर मिळते म्हणून दुसऱ्याच देशाकडे अर्ज करायचा ही शक्कल एजंट लोक सांगतात. अर्जात पंधरा दिवस जर्मनी आणि दोन दिवस तो देश दिसला की अर्ज तिथेच मेला.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने जिवंत, दोन पानं कोरी. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. अमेरिकेचा दोन इंच बाय दोन इंच असतो. गावातला फोटोवाला दोन्हीला एकच माप काढून देतो, पट्टी घेऊन जा. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांना आणि पूर्ण मुक्कामाला लागू असलेला. तिकीट पैसे भरून काढायची गरज नाही, आरक्षण पुरतं.

मुलाच्या घरी उतरणार असाल तर तिकडचा कागद लागतो, आणि तो प्रत्येक देशाचा निराळा. जर्मनीत खर्चाची हमी मुलाने घेतली तर तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयातून हमीपत्र घेतो. त्याची मूळ प्रत इकडे कुरिअरने यावी लागते, स्कॅन चालत नाही. फ्रान्समध्ये राहण्याच्या व्यवस्थेचं पत्र नगरपालिकेतून घ्यावं लागतं. दोन्हीला तिकडे वेळ लागतो, म्हणून इकडची तारीख धरण्याआधी मुलाला कामाला लावा.

मुक्काम कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. पोचल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस धरतात. 'तीन महिने' म्हणून मोजलंत तर जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर ९२ दिवस होतात. पूर्वी शिक्के मोजावे लागत, आता १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सीमेवर ठसे आणि चेहरा संगणकात नोंदवतात, तेव्हा दोन दिवस सुटतील ही आशा सोडा.

सुरंगी, वेंगुर्ले

यात भर. भारतीयांना एप्रिल २०२४ पासून एक सवलत आहे: मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. म्हणून जुना पासपोर्ट फेकू नका, त्या व्हिशांच्या प्रती जोडा.

डोंगरवाट, मंडणगड

आखातासाठी. पासपोर्टवर 'ईसीआर' शिक्का असतो तो दहावी नसलेल्यांना. त्याचा अर्थ नोकरीच्या व्हिशावर ठरलेल्या १८ देशांत जाताना इमिग्रेशनची मंजुरी हवी. आखातातले सगळे देश, मलेशिया, थायलंड त्यात येतात. मुलाला भेटायला व्हिजिटवर जाणाऱ्या आईला ही मंजुरी लागत नाही. परतीचं तिकीट आणि व्हिजिट व्हिशाची छापील प्रत हातात असू द्या. पन्नाशी ओलांडलेल्यांना शिक्का काढूनही घेता येतो.

उलट खेळ जास्त धोक्याचा. 'आता व्हिजिटवर जा, तिकडे नोकरीचा व्हिसा करून देतो' म्हणणाऱ्या माणसाच्या नादी लागलेल्या पोराला ना मंजुरी, ना विमा. रीतसर मंजुरी घेतली की प्रवासी भारतीय विमा योजना लागते, दोन वर्षांना २७५ रुपये, तीनला ३७५, आणि अपघाती मृत्यूला १० लाखांचं कवच. एवढ्या रकमेपायी कोणी आडवाट धरू नये.

यूएईत मुदत ओलांडली तर दिवसाला ५० दिरहम दंड. मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जाणाऱ्यांनी मेंदूज्वराची एसीडब्ल्यूवाय लस पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची, दाखला पासपोर्टसोबत.

तिरफळ, मालवण

आता पिशवीचं. व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असं नाही, आणि आपल्या आया पिशवीत काय भरतील सांगता येत नाही.

खसखस. आपल्याला मसाला, पण यूएई, सौदी आणि सिंगापूरच्या लेखी अफूचं बी, म्हणजे अमली पदार्थात जमा. पुडी कोणी नेत नाही, ती लपलेली असते. मालवणी मसाल्यात वाटलेली, अनारशाला वरून लावलेली, करंजीच्या आणि मोदकाच्या सारणात. मुलासाठी मसाला करायचा तर त्याचा वेगळा घाणा करा, बिनखसखशीचा. कांडपवाल्याकडे आधीच्या गिऱ्हाइकाच्या मसाल्याची पूड यंत्रात राहते, तेव्हा घरच्या मिक्सरात केलेला बरा.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन सामानातून बाहेर काढायला लावतात. खोबऱ्यात तेल भरपूर, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून ते धोकादायक मालात धरतात.

युरोपात मांस आणि दुधाचं काहीही नाही. साजूक तूप, पेढे, खरवस सगळं कचऱ्यात. सुकी मासळी मात्र माणशी २० किलोपर्यंत चालते, म्हणजे सोडे-बांगडे खुशाल न्या. वासाबद्दल शेजारचा प्रवासी काय म्हणेल ते वेगळं. फळांत नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढी पाच दाखल्याशिवाय जातात. हापूस नाही! त्याला वनस्पती आरोग्य दाखला लागतो. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला खाण्याचं जे असेल ते सगळं कार्डावर लिहायचं. लिहिलं तर फार तर काढून घेतात, न्यूझीलंडला लपवलं तर जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलर दंड.

औषधं: कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या गोळ्या यूएईला नेण्याआधी तिकडच्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह.

काजूबी, सावंतवाडी

मसाल्याचं वाचून बरं झालं, डबा भरून ठेवला होता. थायलंड-मलेशियाचं कोणी सांगेल का? तिकडे व्हिसा लागत नाही म्हणतात.

खाडीकाठ, हर्णै

मलेशिया भारतीयांना ३० दिवस व्हिशाशिवाय, १ डिसेंबर २०२३ पासून, पुढे मुदत वाढवून २०२६ अखेरपर्यंत. थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हिसा माफ केला, ती सवलत अजून आहे का आणि दिवस किती ते तिकीट काढताना बघून घ्या. पण व्हिसा नाही म्हणजे कागद नाही असं नव्हे. दोन्हीकडे आणि सिंगापूरलाही डिजिटल आगमन कार्ड, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. थायलंडचं १ मे २०२५ पासून सक्तीचं. तिन्ही फुकट आहेत. शोधलं की वर येणाऱ्या काही साइट्स त्याचेच पैसे घेतात, तेव्हा सरकारी पत्ता बघा. सिंगापूरला व्हिसा लागतोच, नुसत्या कार्डावर भागत नाही.

हापूसवाला, देवगड

अमेरिकेचं राहिलं. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत मराठीत देता येते. मोबाइल आत नेता येत नाही. रात्रीच्या कोकणकन्येने जाणाऱ्यांनी फोन आणि पिशव्या सांभाळायला कोणीतरी सोबत न्यावं, किंवा आदल्या दिवशी नातेवाइकांकडे मुक्काम ठोकावा. गाडी पावसाळ्यात उशिरा धावते, त्याच सकाळच्या तारखेवर विसंबू नका.

डीएस-१६० फॉर्मवर, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जावर, लिहिलेलं आणि तोंडी सांगितलेलं एकच हवं. फॉर्म नातवाने भरला आणि आजोबांना 'व्यवसाय' या रकान्यात काय टाकलंय तेच माहीत नाही, हा नेहमीचा प्रकार. छापून घरी वाचून दाखवा. व्हिसा दहा वर्षांचा छापून आला तरी एका वेळी किती राहायचं ते विमानतळावर ठरतं, बहुधा सहा महिने. ती तारीख आय-९४ वर, म्हणजे तिकडच्या प्रवेशाच्या नोंदीवर, ऑनलाइन दिसते. उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी बघून तिचा कागद फ्रिजवर चिकटवा.